गुंडेराव मास्तरांचा चीन

आमच्या निर्णा गावच्या शाळेतले गुंडेराव मास्तर कुठलीही वाईट बातमी सांगून झाली की घाईघाईने पुढे जोडायचे, "चीनमधी हं, चीनमधी!"

"रस्त्यावर लुटालूट व्हायलीय. चीनमधी हं!"

"राजाचं काई खरं न्हाई. चीनमधी!"

निजामाच्या राज्याचे ते अखेरचे महिने होते. कोण काय ऐकेल आणि कुठे नेऊन पोचवेल, याचा नेम नव्हता.

हा चीन मास्तरांनी गुलबर्ग्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. पुठ्ठा गेलेलं एक उर्दू पुस्तक, आत चीनचं जुनं नाटक. राज्य बुडतं, राजधानी सोडून लोक पळतात आणि एका कवीची व त्याच्या गाणाऱ्या प्रेयसीची ताटातूट होते. मास्तरांनी ते मराठीत उतरवून गावात बसवायला घेतलं. बाईमाणूस मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून गाणारीण मी झालो. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि मला मिशा होत्या. त्या कलेपायी गेल्या. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

नेसायला मास्तरांनी आपल्या बायकोचं हिरवं इरकली लुगडं दिलं. गंगाक्कांना त्यांनी धास्तीपायी सोलापूरकडे माहेरी भावाकडे धाडलं होतं. "मी न्हाई जायची," असं म्हणतच त्या गाडीत बसल्या होत्या. चार महिने झाले, त्यांचा खुशालीचा कागद आला नव्हता. तालीम संपली की लुगड्याची घडी मास्तर स्वतः घालायचे. मी हात लावला तर खेकसायचे.

पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. शेवट मास्तरांनाच लिहायचा होता, पण ते टाळत होते.

"कामून थांबलाव, मास्तर?" मी विचारलं.

"आदी तिचा कागद येऊ द्या."

एकदा पोलिसांचे अमीनसाहेब अचानक तालमीला येऊन उभे राहिले. "ये कौनसा बादशाह है?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "चीन का, साब! मुछां देखो, मुछां!"

राजा झालेल्या बिराप्पाच्या शेळीच्या केसांच्या मिशा पोटापर्यंत लोंबत होत्या. त्यातली एक नेमकी तेव्हाच गळून पडली. साहेब हसले नाहीत.

"और हमारे इधर?"

"इधर सब खैरियत, साब. बिगाड़ पूरा चीन में."

साहेब गेल्यावर मास्तर तांब्याभर पाणी प्यायले.

भादव्यात राज्य खरंच गेलं. गाड्या भरभरून माणसं परतू लागली. शाळा सुटली की मास्तर वेशीत जाऊन उभे. आता कुणाला भ्यायचं कारण नव्हतं, त्यामुळे त्यांच्या तोंडचा चीनही गेला.

एका दुपारी गंगाक्कांचा भाऊ आला, एकटाच. श्रावणातच त्या तापाने गेल्या होत्या.

मास्तर पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग एका संध्याकाळी तालमीला आले ते शेवटचा अंक लिहूनच. मी आपला कागद हातात घेऊन वाचू लागलो. गाणारीण पडक्या राजधानीत परत येते, कवीचं दार वाजवते, कवी दार उघडतो. पुढे वाचवेना.

"मास्तर, ही परत येती?"

मास्तर मांडीवरच्या हिरव्या लुगड्याची घडी सारखी करत होते.

"येती की," ते म्हणाले. "चीनमधी."