तुल्लिओकाकांची तालीम

तुल्लिओकाका थिएटरात पडद्याकडे पाठ करून बसायचे. पहिल्या रांगेत, खुर्चीवर गुडघे टेकून, तोंड प्रेक्षकांकडे. मी त्यांना पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हा तिकिटं तपासणाऱ्या मुलीने दोनदा येऊन हटकलं. काका शांतपणे म्हणाले, "सिनेमा होऊन गेलेला असतो. लोक आज हसताहेत."

ऑकलंडच्या न्यू लिन भागात ते आमचे शेजारी. मी फार्मासिस्ट, त्यामुळे त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या, आणि गोळ्यांबरोबर त्यांचं चरित्र माझ्याकडे यायचं. इटलीत त्यांनी तीसेक विनोदी सिनेमे काढले होते. डॉक्टर बनलेला न्हावी, तीन सासवांचा जावई, असले. समीक्षकांनी प्रत्येक सिनेमा धुऊन काढला आणि प्रत्येक सिनेमाला थिएटरं भरली. "समीक्षक फुकट येतात," काका म्हणायचे, "मी तिकीट काढणाऱ्यांचा माणूस." पुढे लोक घरी बसून टीव्ही बघायला लागले, निर्मात्यांचे फोन थांबले, बायको मारिया गेली, आणि मुलीने त्यांना ऑकलंडला आणलं. तेव्हापासून ते कोट, टाय आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा वेशात कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या किराणा दुकानापर्यंत, फिरून येत.

एका वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक बुडायच्या बेतात होतं. दिग्दर्शकाला ख्राइस्टचर्चला नोकरी लागली आणि तो निघून गेला. माझ्या गॅरेजमध्ये तालीम रद्द करायची बोलणी चालली असताना काका कुंपणाच्या फटीतून आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, करून दाखवा. मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण पाच मिनिटांत त्यांनी तिघांच्या जागा बदलल्या. "प्रेस्तो," म्हणजे लवकर, हा त्यांचा एकच मंत्र. आठवड्याभरात आम्हीही घरात बायकामुलांना प्रेस्तो म्हणायला लागलो.

अडचण शोभाताईंची होती. त्या हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून यायच्या आणि भीतीने वाक्यं विसरायच्या. नायिकाच अडखळते म्हटल्यावर बाकीच्यांनी ठरवलं की बाई बदलू. शोभाताईही रडवेल्या होऊन तयार झाल्या. काका उठून दारात उभे राहिले. "घाबरलेला माणूस खोटं हसवत नाही," ते म्हणाले. "ही गेली तर मीही जातो." मग कोणी विषय काढला नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्या अंकात शोभाताई थांबल्या. हॉल गप्प. तेवढ्यात विंगेतून त्यांचं वाक्य आलं, अस्सल मराठी, फक्त चाल इटालियन. शोभाताईंनी ते उचललं आणि पुढे नाटक सुसाट गेलं. नंतर कळलं, काकांनी माझ्या बायकोकडून अख्खं नाटक वाचून घेतलं होतं आणि आपल्या लिपीत वहीत उतरवून पाठ केलं होतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी मोदक घेऊन त्यांच्याकडे गेलो. मुलगी कामाला, नातवंडं शाळेत. दाराशी पोचलो तर आतून मराठी ऐकू आलं.

"आज उशीर झाला?"

"जरा झाला."

"दमलात का हो?"

नाटकातल्या नवरा-बायको दोघांचीही वाक्यं काकाच म्हणत होते. बायकोची जरा हळू. प्रवेश संपेपर्यंत मी थांबलो आणि मग दार वाजवलं.

त्यांनी दार उघडलं आणि ओशाळले. म्हणाले, या घरात सगळे इंग्रजीत बोलतात, तेही संध्याकाळी परत आल्यावर. तुमच्या नाटकातली माणसं बरी, दिवसाही बोलतात. मग त्यांनी विचारलं, "दमलात का हो म्हणजे नेमकं काय? ही ओळ म्हणताना शोभाचा आवाज बदलतो."

मी अर्थ सांगितला. शेवटच्या त्या 'हो'चाही, जमेल तसा.

काकांनी माझ्या हातातला मोदकांचा डबा घेतला. "शूटिंगहून आलो की मारिया रोज विचारायची," ते म्हणाले. "मी उत्तर न देता झोपायचो."

दुकान उघडायला मला उशीर होत होता. मी बूट काढले, आत गेलो आणि त्यांच्यासमोर बसून नवऱ्याची वाक्यं म्हणायला घेतली.