कोंडाबाईचं प्रमाणित दही

एका जंगलात, बाळांनो, कोंडाबाई नावाची एक म्हैस राहत होती. ती दही लावायची. दही असं, की गाडगं उपडं केलं तरी जागचं हलायचं नाही.

या दह्याचं विरजण तिला आईकडून मिळालं होतं, आणि आईला तिच्या आईकडून. कोंडाबाई ते नारळाच्या करवंटीत जपायची. रोज संध्याकाळी त्यातलं थोडं दुधात घालायचं आणि सकाळी नव्या दह्यातलं थोडं परत करवंटीत ठेवायचं. यात खंड पडला तर विरजण मेलं म्हणून समज, असं आई जाताना सांगून गेली होती. बाकी काहीच सांगून गेली नव्हती. म्हशी मुळातच थोडं बोलतात.

पुनवेच्या बाजारात अख्खं जंगल तिच्यापुढे रांग लावायचं. सगळं बरं चाललं होतं. म्हणजे आता कुणीतरी सुधारणा करणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

त्या जंगलाचा राजा वाघ. तो एकदा शेजारच्या जंगलात जेवायला गेला. तिथे प्रत्येक वस्तूवर लाल पंजाचा ठसा होता. नळावर ठसा, खिळ्यावर ठसा, लोण्याच्या गोळ्यावरसुद्धा ठसा. हा कशाचा, असं वाघानं विचारलं. दर्जाचा, असं यजमानांनी सांगितलं. दर्जा म्हणजे काय, हे विचारायची वाघाला लाज वाटली. तो घरी आला तो तोंड फुगवूनच.

लगेच अखिल जंगल प्रमाण मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष म्हणून अस्वल नेमलं, कारण त्याला बसून राहायची सवय होती. दुग्धतज्ज्ञ म्हणून मांजर नेमली. मांजर वाघाची मावशी, हे तुम्हांला माहीतच आहे. पण नेमणुकीशी त्याचा काही संबंध नव्हता. तिचा दुधातला जन्मभराचा अनुभव तेवढा पाहिला गेला. तिच्या उजव्या मिशीला कायम दह्याचा एक ठिपका असायचा. तो ती कधी पुसत नसे. ते तिचं प्रमाणपत्र होतं.

मंडळाची पद्धत सोपी होती. प्रत्येक जिनसाचा एक उत्तम नमुना निवडायचा आणि तो राजाच्या गुहेत ठेवायचा. मग जंगलातला तसला प्रत्येक जिन्नस त्या नमुन्याशी ताडून पाहायचा. हुबेहूब जुळला तर ठसा. नाही जुळला तर बाजारात बसायचं नाही.

दह्याचा नमुना म्हणून कोंडाबाईचंच गाडगं निवडलं गेलं. ती अगदी हुरळून गेली. तिनं गाडग्याला रानफुलांची माळ घातली आणि स्वतः ते गुहेत नेऊन ठेवलं. देखभालीचं काम मांजरीकडे दिलं होतं. कोंडाबाईला ते जरा खटकलं. पण तज्ज्ञांपुढे आपण काय बोलायचं, म्हणून ती गप्प बसली.

पहिली फजिती साळिंदरबुवांची झाली. झऱ्याचं पाणी बांबूतून घरोघर नेऊन नळ बसवायचं काम बुवा करायचे. गुहेतला नमुन्याचा नळ त्यांचाच होता. पण वाघानं त्याला पाठ घासून घासून तो खिळखिळा केला होता, आणि तो गळायला लागला होता. तपासणीत बुवांचे नवे नळ सगळे नापास झाले. एकही गळत नव्हता. शेवटी बुवांनी आपल्याच काट्यांनी नळांना भोकं पाडली आणि ठसा मिळवला. हसू नका. तुमच्या मोरीतला नळ टपटपतो तो काय उगीच? सुतारपक्ष्याच्या खिळ्यांचंही तेच झालं. नमुन्याच्या खिळ्यावर हत्तीचा पाय पडला होता, तेव्हापासून त्या जंगलात खिळे वाकडे करूनच विकतात.

कोंडाबाई मात्र निश्चिंत होती. नमुना आपलाच, मग भीती कसली?

तिची पाळी आली तेव्हा ती छान कवड्या पडलेल्या ताज्या दह्याचं गाडगं घेऊन गेली. अस्वलानं नमुन्यावरचं पान उचलून आत डोकावलं. मग कोंडाबाईच्या गाडग्यात डोकावलं. मग मांजरीकडे पाहिलं. मांजर डोळे मिटून बसली होती.

"कोंडाबाई," अस्वल म्हणालं, "तुमच्या गाडग्यात काहीतरी आहे."

"दही आहे, आप्पा."

"तेच म्हणतोय. नमुन्यात नाही."

कोंडाबाईनं वाकून पाहिलं. आतून गाडगं चाटूनपुसून लख्ख झालं होतं. कुणीतरी खाल्लं हो, असं तिनं परोपरीनं सांगितलं. पण कुणी काय खाल्लं हा प्रश्न मंडळाच्या कक्षेत येत नव्हता. आणि नमुना चुकीचा असूच शकत नाही. चुकीचा असता तर त्याला नमुना म्हटलं नसतं. मांजरीनं डोळे न उघडताच तज्ज्ञ मत दिलं, की या दह्यात दही फार आहे.

"तुमचाच नमुना आणि तुम्हीच नापास," अस्वल हळहळलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

बाजार तोंडावर आला होता. कोंडाबाई घरी गेली. तिनं एक गाडगं घासलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि रिकामंच परत नेलं. अस्वलानं दोन्हींत डोकावलं. हुबेहूब जुळलं. लाल ठसा बसला.

बाजारात नेहमीसारखी रांग लागली. ठशाची गाडगी हातोहात खपली. सशानं आतून जीभ फिरवली आणि पूर्वीपेक्षा हलकं लागतंय असं म्हणाला. हत्तीनं पचायला उत्तम असा निर्वाळा दिला. बाकीच्यांना काहीच लागलं नाही, पण आपण पहिल्यांदा कशाला बोला, म्हणून त्यांनीही माना डोलावल्या.

कोंडाबाईचा मोठा सत्कार झाला. आता विरजायची कटकट नव्हती. ती दुपारपर्यंत चिखलात लोळू लागली. आणि करवंटीची आठवण तिला राहिली नाही.

एके दिवशी तिला स्वतःलाच दही खावंसं वाटलं. तिनं करवंटी काढली. तळाशी एक वाळकी खपली होती. तिला मुंगीसुद्धा लागली नव्हती. जंगलात दही लावणारी ती एकटीच. विरजण उसनं मागणार कुणाकडे? आईनं आयुष्यात एकच गोष्ट सांगितली होती आणि तेवढीही आपल्या हातून झाली नाही, या विचारानं ती ढसाढसा रडली.

रडता रडता तिला मांजरीची मिशी आठवली.

म्हशी पळत नाहीत, पण ही पळाली. गुहेत मांजर रिकाम्या गाडग्याची देखभाल करत बसली होती.

"मावशी, हलू नका."

"का गं? काय झालं?"

"तुमच्या मिशीला माझी आई लागलीय."

ठिपका होता. मिशीवरचं दही इतके दिवस कसं टिकलं, असं विचारू नका. गोष्टीत टिकतं. मांजर मात्र आढेवेढे घेऊ लागली. ठिपका दिला तर तज्ज्ञ कशाच्या जोरावर राहायचं? कोंडाबाईनं तिला रोज एक भरलेलं गाडगं कबूल केलं. तेव्हा मांजरीनं नेमणूक झाल्यापासून पहिल्यांदा डोळे उघडले.

कोंडाबाईनं तो ठिपका कोमट दुधात घातला, गाडगं पानांत गुंडाळलं आणि सकाळपर्यंत तिथून हलली नाही. सकाळी दही लागलं होतं. त्याला कवड्याही पडल्या होत्या.

वास सुटला. वासामागे अस्वल आलं, अस्वलामागे वाघ आला. वाघानं एक गाडगं संपवलं, दुसरं संपवलं, आणि मग त्याला कर्तव्य आठवलं.

"कोंडाबाई, यावर ठसा कुठाय?"

"तो रिकाम्या गाडग्यावर असतो, महाराज. भरलेल्याला मिळत नाही."

वाघानं मिशा चाटत विचार केला. भरल्या पोटी सुचेल तेवढं सुचलं. तेव्हापासून त्या जंगलात दह्याची जोडी विकतात. ठशाचं रिकामं गाडगं पाहुण्यांना दाखवायला आणि बिनठशाचं भरलेलं घरात खायला. मंडळ दोन्हींवर खूश आहे.

करवंटीवर आता कोंडाबाईचा भरवसा राहिलेला नाही. रोज सकाळी नव्या दह्याचा एक ठिपका ती स्वतःच्या हातानं मावशीच्या उजव्या मिशीला लावते.

तात्पर्य : नमुन्याची राखण नेहमी चोराकडेच द्यावी. प्रामाणिक राखणदार नमुना कुजेपर्यंत सांभाळतो. चोराच्या मिशीला निदान थोडासा तरी उरतो.