हिरव्या बटणाचा हिसका

ग्राहक कचेरीतल्या उपसंचालकांना सगळे पाठीमागे 'कलमसाहेब' म्हणत. ॲपवाले गिऱ्हाइकाला गोड बोलून गोत्यात कसे आणतात, त्यावर लगाम घालायला त्यांनी नियमांचा झकास मसुदा केला होता. पण मोठे साहेब सही करेनात. "लोकांना डोळे नाहीत का? बघून दाबावं बटण!"

मग कलमसाहेबांनी सुनावणीत प्रात्यक्षिकच ठेवलं. समोर वजन घटवणाऱ्या ॲपच्या वकीलबाई, भिंतीवर कलमसाहेबांच्या फोनचा भलामोठा पडदा.

"बघा आता!" ते बाह्या सरसावून म्हणाले. "हे ॲप मला फसवू बघणार आणि मी फसणार नाही!"

ॲप उघडलं. हिरवंगार बटण आलं, 'हो, मला सडपातळ व्हायचंय!' खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'नको, मी लठ्ठच बरा.'

"पाहिलंत? नकार देणाऱ्याला लाजवतात!" त्यांनी दिमाखात 'नको' दाबलं.

'थोडं थांबता?'

"नाही!" दाबलं.

'मन बदलायचंय?'

"नाही!" दाबलं. गडी रंगात आला होता.

'आपल्या माणसांना न कळवताच जायचं?'

"नाही! नाही! नाही!"

भिंतीवर रंगीत फुगे उडाले. 'छान! तुमच्या फोनमधल्या सगळ्यांना निरोप गेला: तुमचा आकार बघून मला काळजी वाटते. आजच सुरुवात करा!'

वकीलबाईंच्या पर्समध्ये टिंग वाजलं. त्यांनी निरोप वाचला आणि पदर नीट केला.

तेवढ्यात बायकोचा फोन. "माझ्या आकाराची काळजी? घरी या, दाखवते!"

मग दार उघडलं. आधी पोट आत आलं, मागाहून मोठे साहेब.

"उपसंचालक! काय हा आगाऊपणा?"

"साहेब, मी नाही... ते बटण..."

"बटणाचं मला सांगू नका! निरोप बंद करायला गेलो, तर वर्षाची वर्गणी कापली गेली माझी! कुठाय तो मसुदा? पेन द्या!"

सही झाली! कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाई कागद आवरू लागल्या. कलमसाहेब तरंगतच घरी पोचले, तर दारातच सासूबाईंचा फोन.

"आई, तुमच्याबद्दल तसलं काही माझ्या मनातसुद्धा..."

"अहो जावईबापू, राग कसला? पोटच्या पोराने केली नसती एवढी काळजी केलीत! मी लगेच हिरवं बटण दाबलं. वर्षभर रोज पहाटे व्यायाम! एकटीला कंटाळा येणार, म्हणून म्हटलं तुमच्याकडेच येऊन राहावं. चालेल ना?"

'नको' म्हणायला कलमसाहेबांनी तोंड उघडलं. समोर बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"या की!" ते म्हणाले.