सातव्या मैलावरचे खड्डे

आनंदरावांच्या बदलीचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी येऊन पडला होता. नागपूरच्या एसटी वर्कशॉपातून थेट उमरेड डेपो. इकडे मुलगी जया यंदा मॅट्रिकला. आनंदरावांच्या तोंडचं पाणीच पळालं.

उपाय फोरमन मधुकररावांनी सुचवला. आनंदराव पत्राकामातले जुने कारागीर. वर्कशॉपातल्या प्रदर्शनासाठी त्यांनी फुटाला अर्धा इंच या मापानं हातभर लांबीची पत्र्याची बस केली होती, वायपरसकट. "रविवारी साहेब प्रदर्शन पाहाले येऊन राहिले," मधुकरराव म्हणाले. "ते उमरेडकडचे. बसखाली उमरेडचाच रस्ता करून ठेव गा. खूश झाले का बदलीचं मी बोलतो."

आनंदरावांनी घरी फळीवर माती पसरली, मधोमध पुठ्ठ्याचा रस्ता बसवून त्यावर डांबर फासलं आणि कडेला सातव्या मैलाचा दगड रोवला. राहिलं गवत. हिरवा रंगवलेला भुसा त्यांना पटेना. माणूस मापाचा पक्का. खरं गवत फूटभर, तर इथे अर्धा इंच. म्हणून त्यांनी बुधवारी गहू पेरले. रविवारी सकाळी पट्टी लावली, तर बरोबर अर्धा इंच.

आणि निरोप आला, की साहेब पुढच्या रविवारी येणार.

गव्हाला हा निरोप कोण देणार? मंगळवारी बसची चाकं दिसेनाशी झाली, गुरुवारी खिडक्या. त्यांची बायको सिंधूताई रोज कात्री चालवत आणि गहू रोज नव्या जोमानं वर येत.

"पाणी काहून टाकता मंग?" त्या वैतागल्या.

"पिवळं पडलं तर साहेब काय म्हणन वं?"

शनिवारी दुपारी आनंदरावांचा धीर सुटला आणि त्यांनी सगळा गहू उपटला. मुळांबरोबर ढेकळं आली. दहा दिवस पाणी पिऊन फुगलेला पुठ्ठा ठिकठिकाणी उलला आणि दगडाच्या पुढे रस्त्याला तीन भोकं पडली. नवं डांबर लावावं, तर उद्यापर्यंत वाळणार नव्हतं. त्या दिवशी नवराबायको जेवलेच नाहीत.

रविवारी साहेब मॉडेलपाशी थांबले. बसकडे त्यांनी पाहिलंही नाही. चष्मा लावून वाकले, रस्त्यावरून सावकाश बोट फिरवलं आणि ते तिसऱ्या भोकात अडकलं. मधुकररावांनी छताकडे पाहिलं.

"हा सातवा मैल?" साहेबांनी विचारलं.

"जी, साहेब."

साहेब सरळ झाले. "मी दर शनवारी गावले जातो. याच तिसऱ्या खड्ड्यात माही कंबर जाते. बाकी सगळे कागदावर गुळगुळीत रस्ते दाखवतात. या माणसानं खरा दाखवला."

आनंदरावांचा जीव भांड्यात पडला. मधुकररावांनी संधी साधून बदलीचा विषय काढला.

"तेच म्हणतो मी," साहेब म्हणाले. "त्या रस्त्याची इतकी जाण असलेला माणूस नागपुरात काहून बसवून ठेवला?" आणि कागद मागवून त्यांनी उभ्याउभ्याच सही ठोकली.

आनंदरावांनी तोंड उघडलं. गव्हाचं सांगावं तर काम बिघडवल्याचं कबूल करावं लागणार, न सांगावं तर उमरेड. त्यांनी तोंड मिटलं.

सोमवारी सकाळी ते उमरेडच्या गाडीत बसले. मॉडेल तिथल्या डेपोत ठेवायचं होतं, म्हणून तेही मांडीवर होतं. सातवा मैल आला. तिसऱ्या खड्ड्यात गाडी दणकन आदळली, तेव्हा आनंदरावांनी एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्यानं पत्र्याची बस घट्ट धरली.