उदगीर कामून सोडलं?

"आजपासून आपली गोष्ट बंद! कायमची!" वैजनाथरावांनी सकाळच्या चहाआधीच जाहीर करून टाकलं.

चंद्रप्रभाबाईंच्या हातातली गाळणी हातातच राहिली. "बरं वाटून न्हाई राहिलं का तुम्हाला?"

त्यांनी घाबरावं असंच होतं ते. वैजनाथराव बिलोलीच्या शाळेतून भूगोलाचे मास्तर म्हणून रिटायर होऊन नायगावात राहत होते, आणि त्यांच्याकडे गोष्ट होती एकच, पण ठणठणीत. ड्रायव्हरच्या पोटात कळ आली आणि वैजनाथरावांनी भरलेली बस बिलोलीहून नायगावपर्यंत कशी चालवत आणली! ती ऐकलेली नाही असा माणूस तालुक्यात उरला नव्हता. दूधवाला तर त्यांना ओट्यावर बघितलं की सायकलवरून न उतरताच पिशवी आत फेकायचा!

पण काल संध्याकाळी भलतंच झालं. शेजारच्या शेषेरावांना गोष्ट सांगताना, ऐन वळणावर, जिथं ब्रेक लागत नाही, तिथंच वैजनाथरावांना स्वतःलाच जांभई आली. चांगली जबडाफाड! दुसऱ्यांच्या जांभया त्यांच्या ओळखीच्या होत्या, ही पहिल्यांदाच घरची निघाली. रात्रभर त्यांना स्वतःचा आवाज कानात नकोसा झाला.

"आज लातूरला मी नुसतं ऐकणार," ते म्हणाले. "लोकांच्या पोटात किती गोष्टी असतील! आपण कधी कुणाला विचारलंच न्हाई."

लातूरला त्यांची मुलगी ऋतुजा एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. तिथंच फिजिक्स शिकवणाऱ्या आलोकशी तिचं जमलं होतं. आज मोठ्यांनी भेटायचं आणि हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. ऋतुजानं फोनवर बजावलं, "बाबा, बसची गोष्ट सांगायची नाही हं. शब्द?"

"शब्द!"

आलोकचे वडील मन्मथराव आणि आई केवळाबाई यांनी जोरात तयारी केली होती. बैठकीत नवाकोरा सोफा, टीपॉयवर मुरमुऱ्याचा सुसला, वर खोबरं. वैजनाथराव सोफ्यात रुतले आणि चष्मा नाकावर ओढून त्यांनी सुरुवात केली.

"मूळ गाव कोणतं तुमचं?"

"उदगीर," मन्मथराव म्हणाले.

"मग इकडं?"

"झाले की लई दिवस."

"उदगीर कामून सोडलं?"

मन्मथरावांचा चमचा बशीत टणकन आपटला. "असंच आपलं. हवापालट!"

आता भूगोलाच्या मास्तराला ही थाप चालते होय! "उदगीर आन लातूरच्या हवेत असा काय फरक हाय?" त्यांनी विचारलं, आणि आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतलेला माणूस उत्तराची वाट बघतो तसे चष्म्यावरून बघत बसले. "पाणी आणतो," म्हणून मन्मथराव आत पळाले, मागोमाग केवळाबाई.

आतून आधी मन्मथरावांची, मग केवळाबाईंची कुजबुज ऐकू आली. "ह्यांना कुणीतरी सांगितलंय!" "काय सांगितलंय?" "ते मला काय माहीत!"

केवळाबाई बाहेर आल्या त्या पदर खोचूनच. "हे बघा दाजी, आपल्यात लपवाछपवी न्हाई. हा सोफा शेजारच्यांचा हाय!"

"असं?" वैजनाथरावांचे डोळे चमकले. "मग ते आत्ता कशावर बसलेत?"

"आमच्या खुर्च्यांवर!" केवळाबाईंना रडू फुटायचंच बाकी राहिलं. मास्तरांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, पण केवळाबाईंना तो टोमणा वाटला.

आईची ही गत बघून आलोक ताडकन उठला. "माझंही ऐका. मी बारावीला नापास झालो होतो. फिजिक्समध्ये!"

"काय?" ऋतुजा किंचाळली. "मला नाही सांगितलंस ते!"

"कोणत्या धड्यात गेले मार्क?" वैजनाथरावांनी आपुलकीनं विचारलं. चंद्रप्रभाबाईंनी त्यांना असा चिमटा काढला की ते बूड उचलून शेजारच्यांच्या सोफ्यावर पुन्हा आदळले.

मन्मथराव दारात येऊन उभे राहिले. "मोडायची असंल तर सोयरीक सरळ मोडा मास्तर. पन ही उलटतपासणी नको!"

ऋतुजाचे डोळे भरले. चंद्रप्रभाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या, "सांगा ती बसची गोष्ट! निदान माणसं झोपतील तरी!"

वैजनाथरावांनी तोंड उघडलं. "एकदा काय झालं, मी बिलोलीहून..." आणि पुढचा शब्द येईना. घशाशी आलेली गोष्ट शिळ्या भाकरीसारखी अडकली. त्यांनी चष्मा काढला.

"मन्मथराव, मला कुणी काहीच सांगितलं न्हाई. मी माझ्याच गोष्टीला विटलोय हो. माझंच ऐकून माझेच कान किटले. म्हणून म्हटलं, दुसऱ्याचं ऐकावं. खोड काढायची नव्हती. खरंच ऐकायचं होतं."

मन्मथराव बघतच राहिले. "म्हंजे उगं? नुसतं ऐकायला?"

"हाव."

"मला आजवर असं कुणी विचारलंच न्हाई," म्हणत ते हळूच टेकले. आणि मग सुटले!

तर मन्मथराव तरुणपणी उदगीरच्या एका बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. ऐन लग्नसराईत, वाजवण्याच्या नादात, त्यांनी आख्खी वरात भलत्याच मांडवात नेली. नवरदेव घोड्यावरून उतरून पाटावर बसला, भटजींनी अंतरपाटही धरला, तेवढ्यात खरा नवरदेव आला! दोन्हीकडचे वऱ्हाडी वाजवणाऱ्याला शोधू लागले. मन्मथराव मागच्या कनातीखालून निसटले, भेंडीनं भरलेल्या टेंपोत घुसले, आणि टेंपो थांबला तो लातूरच्या मंडईत!

"मला तर बदली झाली म्हणाले होते!" केवळाबाई ओरडल्या. मग पदर तोंडाला लावून हसता हसता म्हणाल्या, "बरं मंग, क्लॅरिओनेट कुठं गेलं?"

त्यावर पुढची गोष्ट निघाली. सुसला मऊ पडला, ऊन कलंडलं. ऋतुजा आलोकला म्हणाली, "नापास झालास म्हणूनच पोरं तुलाच शंका विचारतात होय!" आणि मोठ्यांनी एकदाचं हो म्हटलं.

सगळं छान झालं. फक्त एक राहिलं.

मन्मथरावांना चटक लागली. आता रोज सकाळी नायगावात फोन वाजतो, आणि पलीकडून उदगीरची वरात निघते. वैजनाथरावांचा चहा गार होतो. "एक बंद केली, दुसरी सोयरिकीत आणली!" चंद्रप्रभाबाई भांडी आपटतात.

काल मास्तरही कंटाळले. फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, आणि "हं, हं," करत ते पेपर चाळू लागले. पलीकडे मन्मथराव कनातीखालून निसटले, टेंपोत चढले. "...आन अंधारात हात लावून बघतो तर काय, म्हैस!"

पेपर खाली पडला. वैजनाथरावांनी फोनवर झडपच घातली.

"थांबा, थांबा! म्हैस? टेंपोत भेंडी होती ना?"

चंद्रप्रभाबाईंनी गॅस बंद केला आणि त्या पाट ओढून जवळ बसल्या. "विचारा की," त्या हळूच म्हणाल्या, "म्हशीनं खाल्ली का ती?"