लॉन्ड्रीवाल्याचा रोजचा फोन

"हवामानशास्त्र शिकून पुढे पोटापाण्याचं काय, ते आधी हवामान कार्यालयात विचारून या," असं बायकोनं लॉन्ड्रीवाल्याला बजावलं. एकुलत्या एक मुलीनं हट्ट धरला होता आणि तिच्या शब्दाबाहेर तो नव्हता. अडचण वेगळीच होती. हवामान कार्यालयात त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, पण आवाज सगळे ओळखत. गच्चीवरच्या चादरी भिजल्या की तो फोन लावायचा आणि समोरच्याचा मनसोक्त उद्धार करायचा. चादरी बऱ्याचदा भिजत.

शेवटी गळ्याला मफलर गुंडाळून तो गेला. "घसा बसलाय," तो कुजबुजला. साहेब भला माणूस. त्यांनी गरम पाणी मागवलं.

"मुलीला हवामानशास्त्र शिकायचंय. पगार कसा असतो, साहेब?"

"उत्तम. शिवाय पेन्शन."

"आणि अंदाज चुकला तर कापतात?"

"कापत असते तर आम्ही सगळे उपाशी मेलो असतो!"

लॉन्ड्रीवाल्याला संताप आला आणि बापाला आनंद झाला. "पण जागा निघतात का?"

"तीच तर रड आहे. एक मात्र निघेल. कुणी एक लॉन्ड्रीवाला आहे, भारी वल्ली. रोज फोन करून आमची खरडपट्टी काढतो. वाऱ्याचं, दमटपणाचं असं काही विचारतो की कारकुनांना घाम फुटतो. त्याला उत्तरं द्यायला हवामानशास्त्र शिकलेला माणूस मागितलाय आम्ही. मंजुरी येईपर्यंत तुमची मुलगी शिकून होईल. फक्त तोवर तो गप्प बसायला नको, नाहीतर जागा रद्द."

गरम पाण्याचा ठसका लागला.

"शोभतं का तुम्हाला असं ओरडणं?" म्हणून इतके दिवस कपाळावर हात मारणारी बायको आता सकाळी स्वतः नंबर फिरवून फोन त्याच्या हातात देऊ लागली. कडक उन्हाळ्यात तक्रार कसली करायची? मग चादरींचे रंग उडाले म्हणून तो ओरडला. ढग नाहीत म्हणूनही ओरडला.

मुलगी शिकली. जागा निघाली आणि तिलाच मिळाली. पहिल्या दिवशी त्यानं फोन लावला. पलीकडून तिचा आवाज आला आणि त्याला भरूनच आलं. लेकीवर ओरडायचं कसं?

"काल जरा... भिजल्या चादरी," तो हळूच म्हणाला. "पण असू दे, बाळा. होतं असं."

पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं,

"बाबा, जरा जोरात! साहेब बाजूलाच उभे आहेत."