बॅटरीची नळी आणि अण्णांची खिडकी

बॅटरीला एक नळी लावायची, एवढाच माझा निर्णय होता. त्यातून पुढे सोसायटीचं गटार उघडलं जाईल, सांताक्रूझहून एक सभ्य गृहस्थ धावत बोरिवलीला येतील आणि माझी गाडी देवनारला जाईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी नळी लावलीच नसती. (लावली असती. मी कोणाचं ऐकत नाही, असं माझ्या बायकोचं, रेवतीचं म्हणणं आहे.)

आधी गाडीबद्दल सांगतो. ती एक जुनी स्कूलव्हॅन. मी तिच्यातल्या सीटा काढून टाकल्या आणि पलंग, छोटासा ओटा, पंखा, दिवे असा संसार थाटला. कॅम्परव्हॅन म्हणतात याला. मनात येईल तिकडे जायचं, झाडाखाली गाडी लावायची आणि आतच झोपायचं. (आजवर आम्ही तिच्यातून फक्त नाहूरला मेव्हण्याकडे गेलोय आणि झोपलो त्याच्या बेडरूममध्ये.) पिवळ्यावर मी पांढरा रंग दिला, तरी ऊन पडलं की खालची 'शाळेची बस' ही अक्षरं दिसायला लागतात. मग सिग्नलला एखादी आई पोराला घेऊन पुढे येते.

गाडी घेणं सोपं होतं. लावायची कुठे हा प्रश्न होता. आमच्या सोसायटीत स्कूटर लावायला जागा मिळाली तरी माणूस पेढे वाटतो. सेक्रेटरी अण्णा पेडणेकर तळमजल्यावर राहतात, बरोबर आमच्या खाली. मी महिनाभर त्यांना भेटेल तिथे नमस्कार घालत होतो. शेवटी ते विरघळले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून भिंतीकडेची जागा दिली आणि म्हणाले, "शिवदास, गाडी राहील. पण एक तक्रार आली ना, एकच, की गाडी रस्त्यावर. मग माझ्याकडे यायचं नाही."

इकडे रेवतीने परस्पर नवस बोलून ठेवला होता. गाडीला जागा मिळू दे, शिवदास अख्खा श्रावण पाळेल.

"नवस तू बोललीस, तर तू पाळ ना!" मी म्हणालो.

"गाडी कोणाची आहे?"

श्रावण माझ्या गळ्यात पडला. माझं मूळ गाव मालवणकडे. मासे नाहीत, मटण नाही, अंडंसुद्धा नाही म्हणजे माझे हालच. श्रावण लागला आणि माझ्या ताटात दुधी आला. आज दुधी, उद्या दुधीचे मुटके, परवा पुन्हा दुधी. रेवतीचा भक्तिभाव मात्र वाढला. घरात संध्याकाळी उदबत्त्यांचा नुसता धूर असायचा. खालून अण्णांची सून मानसी रोज दुपारी आमच्याकडे पोथी वाचायला यायला लागली. तिची सासू नीलाकाकू कौतुकाने सांगायची, "आमच्या सुनेक देवाधर्माची आवड लागली हा." ऑफिसात डबा उघडताना मला वाटायचं, आपल्या एका गाडीमुळे दोन घरांत भक्ती आली.

आता बॅटरी. अशा गाडीला दोन बॅटऱ्या लागतात. एक इंजिनाची आणि दुसरी आतल्या पंख्या-दिव्यांची. ही दुसरी पलंगाखाली असते. ती चार्ज करायला मी आमच्या गॅलरीतून खाली वायर सोडली होती. ऑफिसला जाताना चार्जर लावायचा, आल्यावर काढायचा. एका रात्री मी मोबाइलवर एका गोऱ्या आजोबांचा व्हिडिओ पाहिला आणि माझी झोप उडाली. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते. बंद गाडीत तो साठला आणि कुठे ठिणगी पडली तर संपलंच. दुसऱ्या दिवशी जेवताना मी घरच्यांना (म्हणजे रेवतीला) हे सविस्तर सांगितलं.

"हायड्रोजनला वास नसतो, म्हणून तो कळत नाही," मी म्हणालो. "पण बॅटरी जास्त चार्ज झाली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. ती धोक्याची खूण."

"सडक्या अंड्यासारखा?" रेवतीने विचारलं. एरवी ती माझं काही ऐकत नाही. त्या दिवशी तिने ऐकलं, याचं मला बरं वाटलं.

देवनारला माझ्या ओळखीचा दादू म्हणून मेकॅनिक आहे. त्याच्याकडे जाऊन मी बॅटरीला घट्ट झाकणाची पेटी करून घेतली आणि पेटीतून एक नळी काढली. खालून काढली तर चिखल जाणार, म्हणून बाजूच्या पत्र्याला भोक पाडून ती बाहेर आणली आणि उंदीर शिरू नये म्हणून तोंडाला जाळी बसवली. उरलेली नळी मी घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनला लावून टाकली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तिचं तोंड खाली वळवलं. आतला वायू आत राहता कामा नये, हे तत्त्व मला फारच पटलं होतं. आतल्या माणसाने सुरक्षित राहावं, एवढंच व्हिडिओतले आजोबा सांगत होते. बाहेरच्या माणसाबद्दल ते काही बोलले नव्हते.

आणि मग अण्णांच्या स्वयंपाकघरात वास यायला लागला.

"ह्यो वास अंड्याचोच," नीलाकाकू जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "श्रावणात माझ्या घरात अंडा! माका काय नाक नाय?"

"अगो, गटार असेल," अण्णा म्हणाले.

गटार की अंडं यावर सोसायटीची मीटिंग झाली. पेडणेकरांकडे एरवी बांगड्याशिवाय दिवस जात नाही, पण श्रावणात कांदासुद्धा घराबाहेर असतो. त्यामुळे प्रकरण गंभीर होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "शिवदास, तुझं ते वायूबियूचं वाचन आहे ना? तूच बघ हे." अशा रीतीने मी वास समितीचा अध्यक्ष झालो. समितीत मी एकटाच होतो, पण पद ते पद.

मी मनापासून काम केलं, हे मला सांगायलाच हवं. ऑफिसला जाण्याआधी मी गटाराची झाकणं उघडून घेतली. पाण्याच्या टाकीत बॅटरी मारून पाहिलं. (हातातली बॅटरी. पलंगाखालची नव्हे.) आमच्या शेजारच्या कुत्र्याला जवळून हुंगलं, त्यावर कुत्र्याच्या मालकीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. काही सापडलं नाही. वास दुपारचा यायचा आणि मी येईपर्यंत गेलेला असायचा. रविवारी तर यायचाच नाही.

हा धागा मी पकडला. गटार रविवार पाळत नाही. रविवार पाळतो तो माणूस. म्हणजे हे माणसाचं काम आहे. त्यात रक्षाबंधन आलं. आम्ही गाडी घेऊन नाहूरला मेव्हण्याकडे गेलो आणि ट्रॅफिकला घाबरून राहिलो. परत आल्यावर मी अण्णांना विचारलं, "सणाला वास आला का?"

"नाही आला रे," अण्णा म्हणाले.

"मग तेव्हा घरात कोण नव्हतं, ते आठवा."

मी हे अगदी शांतपणे विचारलं, टीव्हीवरचे इन्स्पेक्टर विचारतात तसं. अण्णांचा चेहरा उतरला. नीलाकाकूने पदर कमरेला खोचला. मानसी राखी बांधायला माहेरी, सांताक्रूझला गेली होती. आणि रविवारी तिचा नवरा निहार घरी असतो.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं. नीलाकाकूने सुनेला सांगितलं, देवघरात पाय ठेवायचा नाही. अण्णांनी तिच्या वडिलांना फोन लावला, "रविवारी या. जरा बोलायचंय." मी वर गेलो तेव्हा रेवती दारातच उभी होती.

"अण्णांना हे तू सांगितलंस?"

"मी नाव नाही घेतलं. मी फक्त तर्क…"

"तिचे वडील येतायत, शिवा! सगळ्यांसमोर विचारणार तिला. लग्नाला वर्ष नाही झालं पोरीच्या."

"पण वास नव्हता तेव्हा ती इथे नव्हती, हे तर खरं ना?"

"आणि आपण कुठे होतो?"

"नाहूरला."

"आणि गाडी?"

मी हळूच म्हणालो, "नाहूरला."

"रविवारी दिवसभर कुठे बसतोस?"

"गाडीत. पंखा लावून."

"तेव्हा चार्जिंग?"

"बंद."

"सडक्या अंड्यासारखा वास कशाला येतो म्हणाला होतास?"

मी तसाच खाली धावलो. नळीच्या जाळीला नाक लावलं. समोर हातभर अंतरावर अण्णांची खिडकी होती. वास आला का? आधी वाटलं नाही आला. मग रेवतीचा चेहरा आठवला आणि वास आला.

ते दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. (दुधीच होता, पण तरी.) गप्प राहिलो तर गाडी वाचत होती. बोललो तर गाडी जाणार. आणि मानसी जिन्यात भेटली की मान खाली घालून जायची. तिचं ते बघून मला खरंच लाज वाटली. रेवती तर हात धुऊन मागे लागली होती. "सांगून टाक. मानसीचं नाव आधी सुटलं पाहिजे." बायकोचं मन इतकं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं.

रविवारी अण्णांच्या हॉलमध्ये सगळे जमले. मानसीचे वडील पेढ्यांचा बॉक्स मांडीवर धरून बसले होते. बोलावणं कशासाठी आहे ते त्यांना ठाऊक नसावं. अण्णांनी घसा साफ केला, तेवढ्यात मी उभा राहिलो.

"अण्णा, वास माझा आहे," मी म्हणालो.

निहारने खिडकी उघडली. मग मी नीट समजावून सांगितलं. हायड्रोजन, पेटी, नळी, जाळी, सगळं. वर जाऊन चार्जर लावला आणि सगळ्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं.

"येतोय?" अण्णांनी विचारलं.

"येतोय," मी म्हणालो.

"हो, थोडासा आहे," मानसीचे वडील सभ्यपणे म्हणाले.

"थोडोसो? डोक्यात जाता माझ्या!" नीलाकाकू म्हणाली आणि तिने सुनेला जवळ घेतलं. "गो बाय, चुकला माझा." मानसीने ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. बिचारी किती रडतेय, असं मला वाटलं आणि माझेही डोळे भरून आले. रेवती मात्र छताकडे बघत होती.

"शिवदास, तू मन मोठं केलंस," अण्णा म्हणाले. "पण एका तक्रारीवर गाडी बाहेर, असं आपलं ठरलंय."

"तक्रार केली कोणी पण?"

"वास समितीने. अध्यक्ष कोण?"

"मी," मी म्हणालो.

गाडी दादूच्या आवारात गेली. देवनारच्या कचरा डेपोशेजारी वासाबद्दल कोणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही, असा माझा हिशोब होता. बॅटरी तपासून ठेव, असं दादूला सांगितलं. रिकाम्या जागेत अण्णांनी तुळशीची कुंडी ठेवली. गॅलरीतून लोंबणारी वायर गुंडाळताना मला फार वाईट वाटलं. पण एका निरपराध पोरीचा संसार आपण सावरला, या विचाराने छातीही थोडी फुगली होती.

त्याच आठवड्यात ऑफिसचा एसी बंद पडला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी जिना चढत होतो तेव्हा दादूचा फोन आला.

"साहेब, बॅटरी एकदम झकास आहे. कालपासून चार्जिंगला लावलीय."

"आणि वास?"

"कसला वास? नळीला नाक लावून बसलो ना मी. काहीच नाही. तुम्हाला सर्दी झालीय का?"

सर्दी झाली नव्हती. कारण लॅचच्या चावीने दार उघडलं तेव्हा मला अंड्याचा वास स्पष्ट आला. सवयीने आधी वाटलं, बॅटरी. मग आठवलं, बॅटरी देवनारला आहे. मी वासाच्या मागे स्वयंपाकघरात गेलो.

एक्झॉस्ट फॅन जोरात फिरत होता. रेवतीच्या हातात कालथा होता आणि तव्यावर कांदा-मिरची घातलेलं ऑम्लेट फुगत होतं. मानसी स्टुलावर बसून पाव खात होती. पोथी रुमालात गुंडाळून फ्रिजवर ठेवलेली होती.

"इतक्या लवकर आलास?" रेवतीने विचारलं.

मी फॅनकडे पाहिलं. माझ्याच हाताने लावलेल्या नळीकडे पाहिलं. तिचं तोंड खाली होतं आणि खाली अण्णांची खिडकी.

"पण गाडी… तूच म्हणालीस…"

"मी काही म्हणाले नाही. गाडी कुठे होती एवढंच विचारलं. बाकीचं तू बोललास." तिने ऑम्लेट उलटलं. "आणि गाडी काय, राहील देवनारला. त्या दिवशी हिचं नाव आलं असतं, तर ही कुठे राहिली असती?"

मी खुर्ची ओढली. मानसी बिचारी अवघडली होती.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला एक टाकू का?"

मी ताट घ्यायला हात पुढे केला.

"ह्यांना नको गं," रेवती म्हणाली. "ह्यांचा श्रावण आहे."

"अगं, पण गाडी तर गेली!"

"नवस जागा मिळू दे म्हणून होता. मिळाली होती ना जागा?"

तिने फ्रिजमधून दुधीचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मी निमूटपणे झाकण उघडलं.

"आणि उद्या सुट्टी टाक," ती म्हणाली. "त्या पंख्याच्या नळीचं तोंड दुसरीकडे फिरव. आता खाली गाडी नाही."